रघुनाथरावांचा खटला

या व्याख्यानमालेत आमच्यासारख्याला बोलावतात ते किमान वेतनावर नाहीतर भविष्यनिर्वाह निधीवर बोलायला. यंदा आम्ही एका चित्रपटावर बोलतो असे म्हटल्यावर चिटणीस हसले. चित्रपट र. धों. कर्वे यांच्यावरचा आहे हे कळताच मात्र म्हणाले, ‘जपून बोला, सभेला बायामाणसं असतात.’ रघुनाथरावांना सबंध आयुष्यभर हेच ऐकावे लागले.

अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ २००१ सालचा. किशोर कदम यांनी त्यात रघुनाथराव उभे केले, सीमा बिस्वास यांनी मालतीबाई. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा हा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले ते १९५३ साली डोळे मिटेपर्यंत. पदरचे पैसे घालून मासिक काढायचे आणि घर मालतीबाईंच्या मिळकतीवर चालायचे, हा संसार चित्रपटात चांगला दिसतो. आम्हाला स्वतःला कोर्टाचा भाग आणखी हवा होता. पण तो आमच्या धंद्याचा दोष. आमचे निम्मे आयुष्य कोर्टाच्या बाकावर गेले.

पहिला खटला १९३१ चा, व्यभिचारावरील लेखाबद्दल. दंड शंभर रुपये. दुसरा १९३४ चा, आणि तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता, हे ध्यानात घ्या. लोक पत्रे पाठवून लैंगिक शंका विचारीत आणि रघुनाथराव सरळ उत्तर देत. या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता : जे मासिक याच विषयाला वाहिलेले, त्याने वाचकाला उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे? विकृती असेल तर ती ज्ञानाने जाईल, गप्प बसून नव्हे. कोर्टाला हे पटले नाही. दंड दोनशे रुपये. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहमांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला. आणि १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला!

कोर्टाला पटले नाही ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी अश्लीलतेचे माप होते १८६८ च्या एका इंग्रज निकालातले : ज्याचे मन बिघडण्याजोगे आहे अशाच्या हाती हा मजकूर पडला, तर तो बिघडेल काय? म्हणजे सर्वांत कच्च्या वाचकाला समोर धरून सगळ्यांसाठी तराजू करायचा. त्या तराजूत वैद्यकाचे पुस्तक आणि चावट पुस्तक एकाच वजनाचे. शास्त्र, साहित्य, कला यांसाठी लोकहिताचा अपवाद दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये आला तो १९६९ साली. ते इंग्रजी माप सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये टाकून दिले. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ त्या जागी आहे.

आपल्या नारायणगावात चैत्राच्या जत्रांसाठी तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या ठरतात. आम्ही तमाशाचे भोक्ते आहोत, उगाच सोवळेपणा सांगत नाही. लावणीतली सूचकता गावाला चालते, आणि चालावी. न चालणारी गोष्ट म्हणजे सरळ शब्दांत दिलेली माहिती, विशेषतः ती बाईच्या हाती पडली तर.

संघटनेच्या सभासदांसाठी आम्ही एकदा भाड्याचा पडदा लावून ‘ध्यासपर्व’ दाखवला. त्याचे हस्तपत्रक छापायला एका छापखान्याने नकार दिला, ते शेवटी हाताने लिहिले. खेळ अर्धा झाला तेव्हा बरेच पुरुष उठून गेले होते. बाया बसल्या होत्या. शेवटी द्राक्षाच्या छाटणीवर जाणाऱ्या एका बाईंनी विचारले, ‘भाऊ, हे सगळं आम्हाला कुणी बाई सांगंल का?’ पुढच्या महिन्यात आम्ही कचेरीत एका डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्या दिवशी पुरुष बाहेर ओट्यावर बसून होते, आणि आम्हीही.