नळ्या जोडल्या की कंबरदुखी थांबेल?

‘ऑपरेशन झाल्यापासून कंबर धरते, अंगावरून फार जातं.’ टाक्याचं असो वा बिनटाक्याचं, नसबंदीनंतर ही तक्रार महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. मग कुणीतरी सुचवतं, नळ्या परत जोडून घे.

गर्भनलिका फक्त बीज वाहून नेते. पाळीची संप्रेरकं अंडाशयात तयार होतात आणि थेट रक्तात मिसळतात. नळी बांधली म्हणून ती अडत नाहीत. अमेरिकेत नसबंदी झालेल्या हजारो स्त्रियांची पाळी पाच वर्षं तपासली गेली. २००० साली निष्कर्ष आला: नसबंदीमुळे पाळी बिघडत नाही.

दुखणं मात्र खोटं नसतं. आपल्याकडे हे ऑपरेशन बहुधा पंचविशीत होतं. पुढे गर्भाशयाच्या गाठी, एंडोमेट्रिओसिस, रक्तक्षय उद्भवतात आणि दोष जुन्या टाक्यांवर जातो. तपासणी हवी ती या कारणांची: सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड.

नळ्या जोडणं ही सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया, मूल हवं असेल त्यांच्यासाठी. नंतर नळीतच गर्भ राहण्याचा धोका वाढतो. आणि गर्भपिशवीच काढून टाकण्याची घाई? बीडच्या अनेक ऊसतोड बायकांची पिशवी अशीच काढली गेली; ती घाई किती महागात पडली, हे २०१९ मध्ये सगळ्यांनी बातम्यांत वाचलं.