चहाचे डाग आणि भांड्यांची शुद्धि

चहा पितांना गोड लागतो. परंतु कपाच्या तळाशीं आणि किटलीच्या पोटांत तो जीं तपकिरी पुटें मागें ठेवून जातो, तीं काढतांना घरांतील बायकांच्या मनगटांस किती श्रम पडतात, याचा विचार आपला पुरुषवर्ग क्वचितच करतो. आठ-दहा माणसांच्या कुटुंबांत सकाळ-दुपार मिळून वीस-पंचवीस कप सहज विसळले जातात. नुसत्या विसळण्यानें त्यांचें पोट कांहीं दिवसांतच काळवंडतें, आणि मग कोणी तरी तारेची घासणी घेऊन बसतें. या घासणीविरुद्धच मला लिहावयाचें आहे. डाग हा घासण्याचा विषय नसून विरघळविण्याचा आहे, एवढें ध्यानीं आलें म्हणजे पुष्कळशी झटापट आपोआप टळते.

हा डाग आहे तरी काय? चहाच्या पानांत टॅनिन या वर्गाचें तुरट द्रव्य असतें. हिरड्यांतला, सुपारींतला किंवा डाळिंबाच्या सालींतला तुरटपणा याच जातीचा. गरम पाणी, हवेंतील प्राणवायु आणि पाण्यांतील चुना यांच्या योगानें त्याची एक अत्यंत पातळ साय धरते व ती भांड्याच्या अंगास चिकटते. १९९३ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील स्पायरो व जागान्यी या रसायनशास्त्रज्ञांनीं या सायीचा छडा लावला. पाणी मृदु असेल, अथवा चहांत लिंबू पिळलें असेल, तर ती साय धरत नाहीं, असें त्यांना आढळलें. म्हणूनच विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यावर ज्या घराचा संसार चालतो तेथें कप लवकर काळे पडतात, आणि मृदु पाणी मिळणाऱ्या घरांत तीच चहाची पूड वापरूनहि ते बरेच दिवस उजळ राहतात. सून आळशी आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं सासूबाईंनीं पाण्याचा हा फरक अवश्य लक्षांत घ्यावा.

तेव्हां डागांत दोन द्रव्यें एकवटलेलीं असतात. एक पानाचें, दुसरें चुन्याचें. पहिलें क्षारानें सुटतें, दुसरें अम्लानें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांच्या शुद्धीसाठीं क्षार, अम्ल आणि जल हीं साधनें सांगितलीं असून, ज्यास जें योग्य तें योजावें असेंहि म्हटलें आहे. त्या ग्रंथांतील इतर अनेक विधानांशीं आजच्या वाचकाचें जमणार नाहीं. मोरीपुरता मात्र तो श्लोक अजून खरा आहे. आपल्या आज्या राख आणि चिंच वापरीत, तीं हींच दोन साधनें. लाकडाच्या राखेंत क्षार असतो, आणि तुपकट भांड्यावर ती चोळली म्हणजे थोडासा साबणच तयार होतो.

चिनी मातीच्या व कांचेच्या कपांस खाण्याचा सोडा पुरतो. ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन हलक्या हातानें फिरवावा. त्याचे कण मऊ असल्यामुळें झिलई खरवडली जात नाहीं. तारेच्या घासणीनें डाग निघतो खरा, पण तिच्या बारीक चऱ्यांत पुढचा डाग अधिक लवकर बसतो. पुष्कळ कप एकदम उजळावयाचे असतील तर कढत पाण्यांत लिटरमागें दोन चमचे धुण्याचा सोडा घालून ते अर्धा तास बुडवून ठेवावे; मात्र हा सोडा हातांस झोंबतो, तेव्हां रबरी मोजे असूं द्यावे. फारच जुना डाग असेल तर सोडियम परकार्बोनेटची पूड मिळते, ती कढत पाण्यांत चमचाभर पुरे. तिच्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड निघून डागाचा रंगच नाहींसा होतो. ज्या कपाच्या झिलईस केसासारख्या भेगा पडल्या आहेत, त्याचा नाद सोडावा. डाग भेगेच्या आंत शिरलेला असतो.

थर्मासचें पोट कांचेचें असो वा पोलादाचें, त्यांत घासणी घालूं नये. दोन चमचे खाण्याचा सोडा व गरम पाणी घालून रात्रभर ठेवावें, आणि सकाळीं मूठभर तांदूळ घालून हलकेंच हलवावें. कांचेचें पोट असल्यास तांदूळहि नको. किटलींत पांढरा कठीण थर असेल तर तो चुन्याचा. त्यास सोडा निरुपयोगी. लिटरभर पाण्यांत मोठा चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळावें व अर्ध्या तासानें ओतून टाकावें. विजेच्या किटलीची तार आधीं काढावी आणि ती किटली पाण्यांत बुडवूं नये, हें सांगावयास नकोच.

ॲल्युमिनियमच्या पातेल्यास मात्र धुण्याचा सोडा किंवा परकार्बोनेट लावूं नये, क्षारानें तो धातु खाल्ला जातो. तेथें लिंबाच्या फोडी घालून पाणी उकळावें. पितळेच्या भांड्यांत कल्हई असेल तर चिंच-मीठ फक्त बाहेरून. आंतला कथलाचा मुलामा फार पातळ असतो. कल्हई उडालेल्या पितळेंत ताक किंवा कोकमाचें सरबत ठेवलें तर तें कळकतें, म्हणजे धातु त्यांत उतरतो; तें बाधतें, तेव्हां तेथें डागापेक्षां कल्हईवाल्याची चौकशी आधीं करावी.

आतां जी गोष्ट विशेष सांगावयाची ती. हल्लीं मोरींत निरनिराळ्या रंगांच्या तीन-चार बाटल्या उभ्या असतात, आणि दोन औषधें एकत्र केलीं कीं गुण दुप्पट, असा समज बळावला आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळलें तर फसफसून मोठें काम चालल्याचा भास होतो. वस्तुतः क्षार व अम्ल एकमेकांस मारतात आणि उरतें तें बहुतेक मिठवणी. थर्मासमध्यें तें मिश्रण घालून झांकण घट्ट लावलें तर वायूच्या दाबानें तें उडूंहि शकतें. पण हें नुकसान किरकोळच. कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनचें द्रावण आणि संडास धुण्याचें अम्ल, किंवा साधें व्हिनेगर वा लिंबूसत्त्वसुद्धां, एकत्र आलें तर क्लोरीन वायु सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममध्यें ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानें शत्रूवर सोडला तोच हा वायु. तो हवेपेक्षां जड, म्हणून जमिनीलगत रेंगाळतो. आणि आपल्या मोरींत भांडीं घासणारी बाई बसलेली असते ती जमिनीलगतच, बहुधा एकच लहानशी खिडकी असलेल्या जागेंत. मोलकरणीस या बाटल्यांवरचें लिखाण वाचतां येत असेलच असें नाहीं. तें वाचून समजावून सांगणें हें घरांतील शिकलेल्या माणसांचें काम आहे, आणि तें तिच्यावर सोडून मोकळें होणें मला तरी गैर वाटतें. या दोन बाटल्या एका फळीवर ठेवूंच नयेत. चुकून वास आलाच तर ओतलेलें आवरीत न बसतां तत्काळ मोकळ्या हवेंत यावें, दारें उघडीं टाकावीं, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावें. क्लोरीनचें द्रावण स्टीलच्या भांड्यांतहि भिजत ठेवूं नये. त्यानें स्टीलला बारीक खळगे पडतात.

राहतां राहिला हळदीच्या दुधाचा डाग. मुलांच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर हा हटकून बसतो, आणि साबण किंवा सोडा लावतांच पिवळ्याचा तांबडा होतो. त्यास भिण्याचें कारण नाहीं. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू करतात, तोच हा प्रकार. बोटभर तेल लावून पुसावा, मग धुवावा, आणि पेला गच्चीवर उघड्या उन्हांत ठेवावा. हळदीचा रंग सूर्यप्रकाशापुढें टिकत नाहीं. दोन-तीन दिवसांत तो बराच फिका पडतो. पावसाळ्यांत मात्र आश्विनाची वाट पाहावी लागते.