क्रीडा प्रशिक्षकाची अंतःप्रेरणा आणि संभाव्यतेचे गणित : अजित वाडेकर यांच्या काही निर्णयांच्या संदर्भात

प्रस्तावना

गिरगावातील खोताची वाडी आणि मरीन लाइन्सच्या किनाऱ्यालगत ओळीने उभे असलेले जिमखाने यांच्यातील अंतर पायी सहज कापण्याजोगे आहे. तेथून पुढे वानखेडे स्टेडियमही फार दूर नाही. मुंबईच्या क्रिकेटचे शिक्षण या दोन टोकांच्या मध्ये घडत आले. वाडीतल्या अरुंद बोळात, लाकडी जिन्यांच्या आणि दुतर्फा घरांच्या गर्दीत खेळणारा मुलगा चेंडू सरळ आणि जमिनीलगत मारावयास शिकतो, कारण उंच गेलेला चेंडू कोणाच्या तरी ओटीवर जातो आणि खेळ तेथेच संपतो. ही शिकवण कोणी शब्दांत देत नाही. चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये क्षणाचाही अवधी नसल्यामुळे ती अंगवळणी पडते. पुढे हाच मुलगा प्रशिक्षक झाला की तिलाच तो 'अंदाज', 'नजर' अथवा 'आतला आवाज' म्हणू लागतो.

प्रशिक्षकाने या आतल्या आवाजावर विसंबावे की नोंदवहीतील आकड्यांवर, हा प्रश्न अलीकडे संगणकीय विश्लेषणामुळे सर्वच खेळांत उपस्थित झाला आहे. महाविद्यालयीन क्रीडा विभागालाही तो टाळता येत नाही. आंतरमहाविद्यालयीन संघाची निवड दरवर्षी होते आणि त्या निवडीवर विद्यार्थ्याची उमेदीची दोन-तीन वर्षे अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः अजित वाडेकर (निधन 15 ऑगस्ट 2018) यांच्या कर्णधार आणि संघ-व्यवस्थापक या दोन्ही नात्यांनी झालेल्या निर्णयांच्या आधारे केला आहे.

संशोधनाची पार्श्वभूमी

मानसशास्त्रात हा वाद जुना आहे. पॉल मील यांनी 1954 साली तज्ज्ञाचा वैयक्तिक निष्कर्ष आणि साधे सांख्यिकीय सूत्र यांची तुलना करून सूत्र बहुधा तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरते, असे दाखविले. क्रीडाक्षेत्रात 1985 साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलमधील 'हात गरम असणे' या समजुतीची चिकित्सा केली आणि लागोपाठच्या यशामुळे पुढील यशाची शक्यता वाढल्याचा पुरावा आढळत नाही, असे मांडले. तीन दशके हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत विराजमान होता. मात्र मिलर आणि सानहुर्हो यांनी 2018 साली त्या मूळ गणनेतच एक सूक्ष्म सांख्यिकीय दोष दाखवून दिला आणि खेळाडू-प्रशिक्षकांची समजूत सर्वस्वी भ्रामक नसावी, असे सूचित झाले. आकडेवारीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानी ठेवावयास हवा.

दुसऱ्या बाजूची उदाहरणेही तितकीच बोलकी आहेत. फुटबॉलमधील 286 पेनल्टी किकच्या 2007 मधील एका अभ्यासात गोलरक्षक बहुतेक वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेपावतात, परंतु मध्यभागी उभे राहण्यात गोल अडविण्याची शक्यता अधिक होती, असे आढळले. उभे राहून गोल स्वीकारणे लाजिरवाणे वाटते. झेप घेऊन स्वीकारलेला गोल क्षम्य ठरतो. डेव्हिड रोमर यांच्या 2006 मधील अमेरिकन फुटबॉलविषयक अभ्यासातही प्रशिक्षक गणित सुचविते त्यापेक्षा कितीतरी सावध निर्णय घेतात, असे दिसून आले. तेव्हा ज्याला अंतःप्रेरणा म्हटले जाते ती पुष्कळदा टीकेची भीती असते, हे मान्य करावे लागते.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या परस्परविरोधी परंपरांतील दोघा अभ्यासकांनी 2009 साली एकत्र लेख लिहून या वादाला वळण दिले. त्यांच्या मते अंतःप्रेरणा विश्वासार्ह ठरण्यास दोन अटी आहेत : परिस्थितीत काही नियमितता असणे आणि ती नियमितता शिकण्यास पुरेसा सराव व तत्पर प्रतिसाद मिळणे. वाडीतल्या बोळात या दोन्ही अटी पूर्ण होतात. निवड समितीच्या खोलीत दुसरी अट क्वचितच पूर्ण होते.

वाडेकरांचे चार निर्णय

जानेवारी 1971 मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकर भारताचे कर्णधार झाले. त्यानंतरच्या वेस्ट इंडीज दौऱ्यातील किंग्स्टन येथील पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने वाया गेला. भारताने दिलीप सरदेसाई यांच्या 212 धावांच्या बळावर 387 धावा केल्या आणि यजमानांना 217 धावांत रोखले. आघाडी होती 170 धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी 200 धावांची आघाडी लागते. परंतु पहिला दिवस गेल्याने सामना चार दिवसांचा धरला जातो आणि ती मर्यादा 150 वर येते. वाडेकरांनी हा नियम वापरून गॅरी सोबर्स यांच्या संघाला फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला, तरी दौऱ्याचा सूर बदलला. येथे अंतःप्रेरणेचा काहीही संबंध नाही. उरलेल्या वेळात सामना जिंकावयाचा असेल तर प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीस उतरविणे हाच मार्ग होता आणि नियमपुस्तक तो उघडा ठेवत होते.

पुढील कसोटीत, मार्च 1971 मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे, दुसऱ्या डावात वाडेकरांनी चेंडू सलीम दुराणी यांच्या हाती दिला. दुराणींनी सोबर्स यांना शून्यावर आणि क्लाइव्ह लॉइड यांना 15 धावांवर बाद केले. भारताने वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला पहिला कसोटी विजय सात गडी राखून मिळविला. दुराणींनीच चेंडू मागून घेतला होता, असे सांगितले जाते. हा निर्णय मात्र आकड्यांत मांडता येणारा नव्हता.

तिसरा प्रसंग 27 मार्च 1994 चा, ऑकलंडचा. वाडेकर आता व्यवस्थापक होते. नवज्योत सिद्धू यांची मान आखडली आणि सचिन तेंडुलकर यांनी सलामीस जाण्याची परवानगी कर्णधार अझरुद्दीन व वाडेकर यांच्याकडे आग्रहपूर्वक मागितली. ती मिळाली, 49 चेंडूंत 82 धावा झाल्या. तोवरच्या 69 एकदिवसीय सामन्यांत तेंडुलकरांच्या नावावर एकही शतक नव्हते. पुढे त्यांच्या 18,426 धावांपैकी 15,310 धावा आणि 49 पैकी 45 शतके सलामीवीर म्हणून झाली.

हा प्रसंग अंतःप्रेरणेच्या विजयाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास तो तसा वाटत नाही. एकदिवसीय डावात चेंडू 300 च असतात. त्यांतील सर्वाधिक चेंडू सलामीवीरांच्या वाट्यास येऊ शकतात आणि पहिल्या 15 षटकांत क्षेत्ररक्षणावर निर्बंध होते. सर्वांत वेगाने धावा करू शकणाऱ्या फलंदाजास सर्वाधिक चेंडू मिळावेत, हे साधे अंकगणित होय. शिवाय न्यूझीलंडने केवळ 142 धावा केल्या होत्या. प्रयोग फसला असता तरी सामना वाचविण्यास पुढचे फलंदाज होते आणि सिद्धूंच्या जागी कोणालातरी जावेच लागणार होते. धोका लहान, संभाव्य लाभ मोठा. वाडेकरांनी कागदावर हे मांडले होते असे नाही. परंतु ज्याला त्यांचा विश्वास म्हणावे, त्याच्या पोटात हे गणित होते.

चौथा प्रसंग कमी सांगितला जातो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. 13 मार्च 1996 रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर भारताने नाणेफेक जिंकून श्रीलंकेस प्रथम फलंदाजी दिली. श्रीलंका पाठलागात निष्णात होती. त्याच स्पर्धेत 2 मार्च रोजी दिल्लीत तिने भारताच्या 271 धावा पार केल्या होत्या. तेव्हा त्यांना पाठलाग करू द्यावयाचा नाही, हा विचार नोंदींवर आधारित होता. श्रीलंकेने 8 बाद 251 धावा केल्या. भारताचा डाव 1 बाद 98 वरून 8 बाद 120 असा कोसळला. चेंडू हातभर वळू लागला होता. प्रेक्षकांच्या दंगलीमुळे सामना तेथेच श्रीलंकेस बहाल झाला. येथे चूक संभाव्यतेचा विचार केला ही नव्हे. इतर मैदानांवरील सामन्यांचा निष्कर्ष नव्याने तयार केलेल्या त्या खेळपट्टीला लावला गेला. संख्या खरी होती, पण ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होती. कांगा लीगच्या ओल्या पावसाळी खेळपट्ट्यांवर वाढलेल्या मुंबईकरांना, खेळपट्टी दुपारनंतर काय करील हे विचारण्याची सवय असते. त्या दिवशी तो प्रश्न मागे पडला.

परिणामावरून निर्णयाची पारख

या चारही प्रसंगांत आपण निर्णयाला परिणामावरून जोखतो. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 3 बाद 114 अशी स्थिती असताना महेंद्रसिंग धोनी युवराज सिंग यांच्या आधी फलंदाजीस आले आणि नाबाद 91 धावा करून गेले. युवराज यांनी त्या स्पर्धेत 362 धावा केल्या. धोनींचे तोवर एकही अर्धशतक नव्हते. स्पर्धेचे आकडे पाहता निर्णय उलट वाटतो. परंतु खेळपट्टीवर डावखुरे गौतम गंभीर होते, श्रीलंकेकडे ऑफस्पिन गोलंदाज होते, आणि मुथय्या मुरलीधरन यांची गोलंदाजी धोनींनी चेन्नईच्या संघात सोबत खेळताना जवळून पाहिली होती. म्हणजे एकूण सरासरीपेक्षा अधिक नेमकी माहिती त्यांच्याजवळ होती. धोनी लवकर बाद झाले असते, तर हीच कारणे कोणी ऐकून घेतली नसती.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार हरमनप्रीत कौर यांनी शेफाली वर्मा यांना गोलंदाजी दिली आणि आपण आतल्या आवाजाचे ऐकले, असे नंतर सांगितले. शेफाली यांनी 87 धावांनंतर दोन बळी घेतले. भारत 52 धावांनी जिंकला. एकदिवसीय सामन्यांत त्यांनी तोवर फारच थोडी षटके टाकली होती. अशा वेळी आकडेवारी जवळजवळ मुकी असते. ती विरोधात आहे असे म्हणणेही चूक. सून लुस आणि लॉरा वुल्व्हार्ट यांची जोडी स्थिरावली असताना, प्रतिस्पर्ध्याने पूर्वतयारी न केलेली गोलंदाज दोन षटकांपुरती आणण्याची किंमत थोडी होती.

संघनिवड : एक गणिती मांडणी

मैदानावरील निर्णयांपेक्षा निवडीचे निर्णय अधिक गंभीर होत, कारण तेथे प्रशिक्षकाला स्वतःची चूक कधी कळतच नाही. वगळलेला विद्यार्थी संघात असता तर काय झाले असते, हे दिसत नाही. कानेमन-क्लाइन यांची दुसरी अट येथे मुळातच निकामी होते आणि पंचवीस वर्षांचा अनुभव हा पुष्कळदा एकाच वर्षाची पंचवीस वेळा झालेली उजळणी ठरतो.

एक उदाहरण घेऊ. एका फलंदाजाची खरी क्षमता सरासरी 40 धावांची आणि दुसऱ्याची 25 धावांची आहे. प्रत्येक धावेगणिक बाद होण्याची शक्यता डावभर सारखीच राहते, असे सोयीसाठी गृहीत धरू. दोघांना चाचणीत एकेक डाव दिल्यास दुर्बळ फलंदाज सरस ठरण्याची शक्यता 25 भागिले 65, म्हणजे सुमारे 38 टक्के येते. प्रत्येकी पाच डाव दिले तरी ती सुमारे 24 टक्के उरते. दहा डावांनंतर सुमारे 15 टक्के. तसेच 40 च्या सरासरीचा फलंदाज दहापेक्षा कमी धावांत बाद होण्याची शक्यता साधारण पाचांत एक आहे. प्रत्यक्ष क्रिकेट या गृहीतकाइतके सरळ नसते. डावाच्या आरंभी बाद होण्याची शक्यता अधिक असते. परंतु त्यामुळे एका डावाची विश्वासार्हता वाढत नाही, कमीच होते.

म्हणून सकाळच्या एका चाचणीवरून संघ निवडणे हे आकड्यांवर विसंबणे नव्हे. ती जवळजवळ सोडत होय. येथे प्रशिक्षकाच्या नजरेला खरे स्थान आहे. फलंदाजाचे डोके चेंडूच्या रेषेत आहे काय, पाय वेळेवर हलतो काय, हे नेटमध्ये शंभर चेंडूंत शंभर वेळा दिसते, धावा मात्र एकदाच मोजल्या जातात. रमाकांत आचरेकर यांनी शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून तेंडुलकरांना बाद न होण्याचा सराव दिला, तो याच जातीचा : प्रत्येक चेंडूला उत्तर, आणि तेही लगेच. तंत्र पारखताना अनुभवी नजर, आणि क्षमतेचा क्रम लावताना दीर्घ नोंद, अशी ही विभागणी आहे. दीर्घ नोंद असूनही दार उघडेलच असे नाही, हेही खरे. आचरेकरांचेच शिष्य अमोल मुझुमदार यांनी प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये 11,000 हून अधिक धावा केल्या, पण भारतीय संघात त्यांची कधी निवड झाली नाही. 2025 मध्ये विश्वविजेत्या झालेल्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते.

महाविद्यालयीन पातळीवर यासाठी महागडी यंत्रणा नको. विद्यार्थ्याने शालेय, क्लब आणि सराव सामन्यांत खेळलेल्या मागील दहा-पंधरा डावांची नोंद अर्जासोबत मागविता येईल. निवड समितीतील प्रत्येक सदस्याने आपापसांत चर्चा होण्यापूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, जेणेकरून ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मताची छाया इतरांवर पडणार नाही. आकड्यांविरुद्ध जाऊन एखाद्या खेळाडूस घेतले अथवा वगळले असेल, तर त्याचे कारण त्याच दिवशी रजिस्टरमध्ये दोन ओळींत, तारीख आणि स्वाक्षरीसह लिहावे, आणि वगळलेल्या विद्यार्थ्यांची पुढील कामगिरीही हंगामाच्या अखेरीस त्याच पानावर उतरवावी.