पोटातला पूर ओसरेचना!

शौचातून रक्त पडतंय आणि तुम्ही ‘काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून गोळ्या गिळताय? थांबा. माझे सहा महिने असेच वाया गेले.

शुक्रवार संध्याकाळ, स्वारगेट. साताऱ्याच्या गाडीत बाकीचं पब्लिक खिडकी पकडायचं, मी दाराजवळची सीट. खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर, पाचवड... या रस्त्यावर टॉयलेट कुठे कुठे आहे ते मला तोंडपाठ. खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं की घामच फुटायचा. वय २७, आयटीतली नोकरी, जिमची मेंबरशिप आणि ही अवस्था!

सुरुवात झाली ऑगस्ट २०१९ मध्ये. आमच्या सातारा जिल्ह्यात उगम पावणारी कृष्णा तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. पाणी उतरल्यावर मी मामांच्या घरातला गाळ काढायला गेलो. त्याच आठवड्यात घरातल्या पाचही जणांना जुलाब लागले. पुरात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. चौघं आठवड्याभरात ठणठणीत झाले. पाचवा मी.

दिवाळीपर्यंत मुरडा, आव आणि रक्त. मेडिकलवाल्याने ‘आमांश असेल’ म्हणून एक पट्टी दिली. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. आईने ताकभात आणि बेलाचा मुरंबा सुरू केला. पण रक्ताचं तिला सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? ऑफिसात मीटिंगमधून उठलो की, ‘काय बॉस, परत ब्रेक?’ मी हसून वेळ मारून न्यायचो. वजन आठ किलोंनी उतरलं होतं.

संक्रांतीला सांगलीला गेलो, तेव्हा मामांनी मला पाहिलं आणि म्हणाले, ‘हे साधं पोट बिघडल्याचं लक्षण नव्हे. चल, मिरजेला दाखवू.’ डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून सगळा दक्षिण महाराष्ट्र मिरजेला दाखवायला जातो. पण आमच्याकडे ‘मिरजेला नेलं’ म्हटलं की दुखणं मोठं, असंही समजतात. खरं सांगतो, टरकलो होतो.

चेहरा एक, आजार दोन

डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला आलेली सूज. ती मुख्यतः दोन प्रकारची. पहिली संसर्गाची. शिगेला, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू किंवा आमांशाचा अमीबा दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. जिवाणूंचा त्रास बहुतेकदा आठवड्याभरात आटोपतो, पाणी आणि ओआरएस महत्त्वाचं. अमीबाला मात्र त्याचं ठरावीक औषध लागतं. शिवाय उठसूट अँटिबायोटिक्स घेतल्यानेही क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू आतड्यात माजू शकतो.

दुसऱ्या प्रकारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, तुकड्या-तुकड्यांनी होतो. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, राहणीमान या सगळ्यांचा हात असतो. आणि हा आजार बऱ्याचदा ऐन तारुण्यातच गाठतो.

‘मग पुराच्या पाण्यानेच झालं ना?’ मी विचारलं.

‘तसं ठामपणे नाही सांगता येत. पण संसर्गानंतर हा आजार डोकं वर काढतो, असं कधीकधी दिसतं.’

खरी गोम पुढे आहे. दुसऱ्या प्रकारात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं देतात. तीच अमीबाच्या किंवा आतड्याच्या टीबीच्या पेशंटला दिली, तर रोग भडकतो. आपल्याकडे टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे, की भल्याभल्यांची फसगत होते. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

ती भयंकर रात्र

आधी रक्त आणि शौचाच्या तपासण्या. कॅलप्रोटेक्टिन नावाच्या चाचणीतून आतड्यात सूज आहे का, याचा अंदाज येतो. मग कोलोनोस्कोपी. आदल्या रात्री पोट साफ करणारं ते लिटरभर द्रावण पिणं हीच खरी शिक्षा! प्रत्यक्ष तपासणीत गुंगीचं इंजेक्शन होतं, मला काही कळलंही नाही. आतड्याचे बारीक तुकडे बायोप्सीला गेले.

रिपोर्ट आला : अल्सरेटिव्ह कोलायटिस. मामांच्या अंगणात बसून मी रडलो. मामी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘निदान नाव तरी कळलं रे.’

त्या रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. रक्ताचंही.

मेसालामाइनच्या गोळ्या आणि एनिमा सुरू झाले, काही आठवडे स्टिरॉइड देऊन हळूहळू बंद केलं. एवढ्याने भागलं नाही, तर अॅझाथायोप्रिन, बायोलॉजिक इंजेक्शनं आणि शेवटी ऑपरेशन, अशी चढती भाजणी असते. दोन महिन्यांत रक्त थांबलं. मग मी शहाणपणा करून गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत रक्त परत! तेव्हापासून मोबाइलचा अलार्म वाजला, की मुकाट्याने गोळी.

आजार गेलेला नाही, शांत आहे. आठ वर्षांनंतर कॅन्सरची शक्यता तपासायला ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावी लागेल. चालेल. भडंगही खातो, बेताने. आणि साताऱ्याच्या गाडीत आता खिडकी पकडतो.

डॉक्टरांकडे कधी पळायचं?
• शौचातून रक्त किंवा खूप ताप असेल, तर लगेच. अशा वेळी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका.
• जुलाब चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर.
• रात्री झोपेतून उठून जावं लागतं किंवा वजन घटतंय, तर.
• आणि घरच्यांना सांगा. लाजेपायी माझे सहा महिने गेले, तुमचे जाऊ नयेत.