रेणूंची वीण – लेखांक 7 : कणा बदलला, पीळ बदलला

डीएनएचा कणा साखर आणि फॉस्फेटचा असतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असल्यामुळे दोन्ही धागे एकमेकांना ढकलू पाहतात. पाण्यातल्या मिठाचे धन आयन मध्ये पडतात, म्हणून जोडी टिकते.

1991 मध्ये डेन्मार्कच्या नील्सन, एगहोम, बर्ग आणि बुखार्ट यांनी हा कणाच बदलून टाकला. प्रथिनांत असतात तसल्या अमाइड बंधांची साखळी घेतली आणि तिच्यावर ए, टी, जी, सी ही चार अक्षरं तशीच लटकवली. हे झालं पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल, म्हणजे पीएनए. त्याच्या कण्यावर भारच नाही. त्यामुळे डीएनएच्या धाग्याला ते डीएनएपेक्षाही घट्ट धरतं आणि मीठ कमी केलं तरी सोडत नाही. एक अक्षर चुकलं, तर मात्र पकड चांगलीच ढिली पडते.

घरातल्या कुणी लालबाग-परळच्या गिरणीत रिंग खात्यात काम केलं असेल, तर पुढचं सहज कळेल. कॉटन ग्रीनच्या गोदामातून आलेला कापूस तोच. पण पीळ कमी दिला की सूत जाडसर आणि मोकळं होतं. डीएनएचा एक वेढा साधारण साडेदहा जोड्यांत पुरा होतो, जाडी 20 अँगस्ट्रॉम. पीएनएचे दोन धागे एकमेकांत गुंफले, तर वेढ्याला 18 जोड्या लागतात आणि जाडी 28 अँगस्ट्रॉमवर जाते.

डीएनएसोबतही पीएनए आपलाच ढंग चालवतं. 1995 साली दोन पीएनए आणि एक डीएनए अशा तिपेडी गोफाची स्फटिकरचना उलगडली. एक पीएनए नेहमीच्या वॉटसन-क्रिक पद्धतीने जोडलेलं, दुसरं हूगस्टीन नावाच्या वेगळ्या बंधांनी गोफाच्या खाचेत बसलेलं. वेढ्याला अक्षरं 16. अखंड दुपेडी डीएनएत असा गोफ जमला, की डीएनएचा उरलेला धागा फासासारखा बाहेर पडतो.

पुढचं काम आपल्या पुण्यातलं. पीएनएचा कणा लवचीक. डीएनएशी जुळताना त्यातला एक कोन 140 अंशांच्या आसपास असतो, आरएनएशी जुळताना 65 ते 70. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश आणि वैजयंती कुमार यांच्या गटाने कण्यात सहा कार्बनांचं कडं बसवून तो कोन 65 अंशांजवळ जखडला. 2005 मध्ये निकाल छापून आला : हे पीएनए डीएनएपेक्षा आरएनएला कितीतरी घट्ट धरतं. पाच कार्बनांचं कडं जरा वाकतं, म्हणून ते दोघांशीही जमवून घेतं. म्हणजे जनुकाला हात न लावता त्याचा आरएनएतला निरोप तेवढा अडवायचा असेल, तर अक्षरं तीच ठेवून कण्यातला एक कोन पक्का करायचा.

उलट, जनुकच दुरुस्त करायचं असेल, तर तो बाहेर पडलेला फास कामाचा. थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी उंदरांवर तो प्रयोग झाला आहे. परळला केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था याच आजाराचं गर्भावस्थेतलं निदान करते. पुढच्या आठवड्यात थॅलसेमिया.