जोर देणारा ‘डू’

समजा इंग्रजीच्या तासाला शिक्षक म्हणाले, “तू निबंध लिहिला नाहीस.” तुम्ही तर तो लिहून वही जमा केली आहे. आता उत्तर काय द्याल? ‘आय रोट द एसे’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्यात जोर नाही. म्हणावे, ‘आय डिड राइट द एसे.’

‘डू’ हे क्रियापद प्रश्नात आणि नकारात येते, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेच साध्या होकारार्थी वाक्यात आले, की समोरच्याचे म्हणणे खोडून काढते. भूतकाळ ‘डिड’ने उचलला, म्हणून ‘रोट’चे पुन्हा ‘राइट’ झाले. ‘डिड रोट’ लिहू नका. ही चूक तपासता तपासता माझी लाल शाई संपते! बोलताना आवाज ‘डिड’वर चढवावा. ‘ही इज’, ‘ही कॅन’ अशा वाक्यांत मात्र ‘डू’ लागत नाही. तेथे ‘इज’, ‘कॅन’ हेच शब्द जोराने उच्चारतात.

उर्दूत तुम्ही म्हणाल, ‘मैंने लिखा तो है!’ मराठीत म्हणाल, ‘लिहिला की, सर!’ येथे घाईने ‘च’ लावू नका. ‘मीच निबंध लिहिला’ म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. ‘मी निबंधच लिहिला’ म्हणजे पत्र वगैरे नाही. उर्दूतील ‘ही’ वेगळा लिहितात, मराठीतील ‘च’ शब्दाला जोडून.

‘प्लीज डू कम’ यात मात्र वाद नाही, आग्रह आहे. ईदला मित्राला बोलावताना ‘ज़रूर आना’ म्हणता ना? मराठीत, ‘नक्की ये हं!’