घाट : एकच चढ, तीन वाटा

आमच्या शाळेत निरनिराळ्या राज्यांतले कॅडेट आहेत. उत्तरेकडच्या मित्रांसमोर ‘घाट’ हा शब्द काढला की त्यांना काशीचा किंवा यमुनेचा घाट आठवतो, म्हणजे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे. तिथे उतरणाऱ्या मराठी माणसाला मात्र घाट म्हटले की खंडाळा, कसारा, आंबोली आठवते. दोन्ही अर्थ तसे जवळचेच आहेत, कारण आपला घाट हीसुद्धा एक पायरीच आहे. फक्त ती पाचशे-सहाशे मीटर उंच आहे!

घाट म्हणजे काय?

हिमालयातल्या रोहतांगसारख्या खिंडीत आपण एका बाजूने चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी तसे नसते. खाली कोकणची चिंचोळी पट्टी, मध्ये सह्याद्रीची उभी भिंत आणि भिंतीच्या माथ्यावर दख्खनचे पठार. कोकणातून घाट चढून वर आलो की पुन्हा तेवढेच उतरावे लागत नाही, आपण पठारावर पोहोचलेले असतो. म्हणूनच आपण वरच्या भागाला ‘घाटमाथा’ आणि खालच्या भागाला ‘तळकोकण’ म्हणतो.

खोपोली ते लोणावळा हा चढ सुमारे ५५० मीटरचा आहे. नववीच्या विज्ञानात आपण शिकलो की वर चढण्यासाठी लागणारे कार्य म्हणजे वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची. सायकलसह ६५ किलो वजनाच्या कॅडेटला हा चढ चढायला सुमारे साडेतीन लाख जूल कार्य करावे लागते. तो पायवाटेने सायकल खांद्यावर घेऊन गेला काय किंवा रस्त्याने चालवत गेला काय, हा आकडा बदलत नाही. मग वळणावळणांचा रस्ता कशाला बांधायचा? कारण घाट काम कमी करत नाही, ते लांबवर वाटून देतो.

पायवाट ३ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढली तरी माणूस चढू शकतो. म्हणजे ५५० मीटर उंचीसाठी दीड-पावणेदोन किलोमीटर वाट पुरते. मोटाररस्त्याचा चढ साधारण २० मीटरला १ मीटर धरला तर ११ किलोमीटर लागतात. आगगाडीची पोलादी चाके पोलादी रुळांवर घसरतात, म्हणून बोरघाटात रेल्वेचा सर्वांत मोठा चढ ३७ मीटरला १ मीटर एवढाच ठेवला आहे. त्या हिशेबाने २० किलोमीटरहून जास्त लांबी लागते. कर्जत ते लोणावळा रेल्वेमार्ग प्रत्यक्षात २८ किलोमीटरच्या आसपास आहे.

पायी

पायी घाटांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नर आणि पुढे पैठणकडे जाई. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून त्यातले संख्यांचे आकडे अभ्यासकांना फार महत्त्वाचे वाटतात. वर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे सांगतात. कोकणातल्या वैशाखरे गावाकडून ही वाट आजही चढता येते. शेजारचा जीवधन किल्ला घाटावर नजर ठेवण्यासाठी आहे.

वाट अरुंद असली की तिचे शस्त्र होते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान लोणावळ्याजवळून कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. घाटातल्या फौजेला रुंद फळी धरता येत नाही, एकामागे एक चालावे लागते. पुढच्याला अडवले तर मागच्याला कळत नाही आणि परत फिरायलाही जागा नसते. शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत नेमके हेच साधले. पुढची आणि मागची वाट अडवून दोन्ही बाजूंच्या झाडीतून मारा केला. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली. कमी सैन्याने मोठी फौज कशी अडवावी, हे कोणत्याही कॅडेटने ती जागा पाहून शिकावे.

सायकलवर

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब वेगळा दिला जातो, कारण सपाटीवरचा वेगवान सायकलपटू घाटातही पहिला येईलच असे नाही. घाटात जोरापेक्षा लय महत्त्वाची. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकायचा, बसून एकसारखे पेडल मारायचे आणि तहान लागण्याआधी पाणी प्यायचे. पहिल्या दोन वळणांवर उभे राहून जोर लावणारा पाचव्या वळणावर सायकल ढकलताना दिसतो.

उतरताना खरी परीक्षा असते. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर चाक घसरते, म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा. ब्रेक सतत दाबून ठेवू नये, सोडून सोडून दाबावा.

गाडीने आणि रेल्वेने

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळी पंचवीस बोगदे खोदावे लागले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेक्याची जबाबदारी घेतली. हजारो मजुरांनी तिथे काम केले आणि अनेक जण रोगराईने व अपघाताने मेले. जुन्या महामार्गावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट शिंग्रोबा धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे. आजही चढणाऱ्या गाड्यांना मागून ‘बँकर’ इंजिने लावतात आणि उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी तांत्रिक थांबा घेतात.

रेल्वे एवढी काळजी का घेते, ते त्याच सूत्रावरून कळते. चढताना खर्च केलेली ऊर्जा उतरताना परत मिळते. २० टनांच्या ट्रकसाठी ती ११ कोटी जूल होते. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. फक्त ब्रेक वापरले तर ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये साठते. ब्रेक तापले की त्यांची पकड जाते. इंधन वाचवण्यासाठी काही जण न्यूट्रलमध्ये उतरतात, तेव्हा इंजिनाचा आधारही सुटतो. म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम मला सूत्र शिकल्यावर नीट कळला.

नॉर्वेतला घाट

घाट फक्त आपल्याकडेच नाहीत. नॉर्वेत ट्रोलस्टिगेन नावाचा घाट आहे. नावाचा अर्थ ‘ट्रोल राक्षसांची शिडी’. हा रस्ता १९३६ मध्ये खुला झाला. त्याला अकरा हेअरपिन वळणे आहेत आणि माथा सुमारे ८५० मीटर उंचीवर आहे. चढ साधारण १० मीटरला १ मीटर, म्हणजे आपल्या रस्त्यांपेक्षा बराच तीव्र. तिथेही मोटाररस्त्याच्या आधीची ओझ्याच्या घोड्यांची पायवाट आहे आणि लोक तीवरून चढतात. बर्फामुळे हिवाळ्यात तो घाट बंद असतो. आपल्याकडे तेच काम पाऊस करतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या भेगांत आणि वरच्या मातीत पाणी मुरले की दरडी सुटतात. भोर–महाड रस्त्यावरचा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद ठेवावा लागतो.

लक्षात ठेवा

१. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. थांबलेल्या जड गाडीला चढावर पुन्हा निघणे फार कठीण असते.
२. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून कधीही उतरू नये.
३. पावसात दरडीखाली किंवा वळणावर फोटोसाठी थांबू नये.
४. पायी घाट स्थानिक वाटाड्या घेऊन चढावा आणि अंधारापूर्वी उतरावे.
५. सायकलवर हेल्मेट, पुढे-मागे दिवा आणि जोडीदार हवाच.

आज घाट आपण गाडीत बसून अर्ध्या तासात ओलांडतो आणि खिडकीतून धबधबे मोजतो. पालकांना माझी विनंती आहे की येत्या सुट्टीत मुलांना एक तरी घाट पायी चढू द्यावा. ज्याने घाट पायांनी चढला, तो पुढे गाडी चालवतानाही उताराला मान देतो.

– कॅडेट, इयत्ता दहावी